मुखवट्याच्या आत कोण आहे, हे मंडळीत कुणाला तरी ठाऊक असावं

सहाव्या शतकाच्या अखेरीकडे गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, ओसेर इथं बिशपांची सभा भरली. तिनं केलेल्या नियमांतला पहिलाच नियम असा होता, की १ जानेवारीला कुणी हरणाचं सोंग घेऊ नये. त्याच्या काही दशकं आधी आर्लचे बिशप सेझारियस याच प्रथेवर प्रवचनांतून तुटून पडले होते. लोक मेंढ्यांची कातडी पांघरतात, जनावरांची मुंडकी डोक्यावर चढवतात आणि आपण माणसासारखे दिसेनासे झालो याचाच त्यांना आनंद होतो, अशी त्यांची तक्रार होती. ख्रिस्ती माणसानं फरी, म्हणजे माणसासारख्या प्राणी-पात्रांचा शौकीन, व्हावं का, असं आज कुणी विचारलं की पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गोंधळून जातात, जणू हा प्रश्न इंटरनेटनंच जन्माला घातला. तो चौदाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्या बिशपांनी तो आपल्यापेक्षा नीट विचारला होता.

त्यांच्या विरोधामागे दोन कारणं होती. एक म्हणजे हे सोंग नववर्षाच्या जुन्या मूर्तिपूजक सणाचा भाग होतं. प्रभुभोजनालाही बसायचं आणि वर्षारंभी जुन्या देवांच्या सणातही नाचायचं, हे बाप्तिस्मा घेतलेल्यांना शोभणारं नव्हतं. दुसरं कारण जास्त खोल आहे: माणूसपण सुटल्याचा आनंद. आजच्या फरी ख्रिस्ती माणसालाही हेच दोन प्रश्न विचारावेत. हा वेश कशाशी बांधलेला आहे? आणि तो चढवल्यावर तुला नेमका कशाचा आनंद होतो?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. ख्रिस्ती माणूस मोकळ्या मनानं फरी असू शकतो. धोका प्राण्याच्या वेशात नाही, धोका दुहेरी आयुष्यात आहे, आणि ते दुहेरी आयुष्य घडवण्यात हसणाऱ्या, हिणवणाऱ्या मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या समुदायाचा, हात मोठा असतो.

फरी म्हणजे काय याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडक्यात. माणसासारखे बोलणारे, विचार करणारे, दोन पायांवर चालणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात ती ही माणसं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानकथा-संमेलनांतून हा गोतावळा जमत गेला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथं कॉनफ्युरन्स हे त्यांचं स्वतःचं संमेलन भरलं, १९९५ पासून युरोपात युरोफरेन्स आणि १९९७ पासून अमेरिकेत अँथ्रोकॉन सुरू झालं. बहुतेक जण स्वतःसाठी एक प्राणी-पात्र घडवतात, त्याला फर्सोना म्हणतात. लांडगा, कोल्हा, कुत्रा, ड्रॅगन ही नेहमीची निवड. फरसूट, म्हणजे त्या पात्राचा अंगभर फरचा वेश, थोड्यांकडेच असतो. बाकीचे चित्रं काढतात, कथा लिहितात, गप्पा मारतात. आपण आतून खरोखरच प्राणी आहोत असं मानणारे थेरियन वेगळे. काही जण दोन्हीकडे असतात, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. हा फरक माहीत नसेल तर निवाडा भलत्याच माणसावर पडतो.

आता बायबलच्या वचनांकडे. रोमकरांस पत्र १:२३ सगळ्यांत आधी पुढं केलं जातं: अविनाशी देवाच्या गौरवाची पक्षी, चतुष्पाद आणि सरपटणारे प्राणी यांच्या प्रतिमांशी अदलाबदल. तिथं प्रेषित पौल पूजेबद्दल बोलतो आहे, आणि फर्सोनापुढं कुणी गुडघे टेकत नाही. लेवीय १८:२३ पशुगमनाबद्दल आहे, अनुवाद २२:५ स्त्री-पुरुषांच्या वस्त्रांबद्दल. एकाही वचनाचा विषय हा नव्हे.

उत्पत्ती १:२७ चा आक्षेप मात्र वजनदार आहे. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला. मग ते रूप झाकून लांडग्याचं रूप मिरवणं ही कृतघ्नता नव्हे का? याला हसण्यावारी नेऊ नये. दानीएलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर बैलासारखा गवत खातो, त्याची नखं पक्ष्यांच्या नखांसारखी वाढतात, आणि ती शिक्षा आहे. पण त्याच्यापासून काय काढून घेतलं गेलं ते बघा. त्याची बुद्धी गेली होती; त्यानं वर पाहिलं, ती परत आली, आणि त्यानं परात्पराची स्तुती केली. देवाचं प्रतिरूप तिथं बुद्धीत, उत्तरदायित्वात आणि स्तुतीत दिसतं. कातडीचा त्यात संबंध नाही.

आणि पात्र घडवणं हे तर अगदी माणसाचंच काम. उत्पत्ती २:१९ मध्ये देव प्राण्यांना आदामाकडं आणतो आणि तो त्यांना काय नावं देतो ते पाहतो. लांडगा कधी फर्सोना बनवत नाही. माणूसच बनवतो, त्याला नाव देतो, स्वभाव देतो, आणि तो स्वभाव तपासला तर नखशिखांत माणसाचाच निघतो: लाजाळू, निष्ठावान, थोडा चिडका. मात्र एखादा जर म्हणू लागला की माझं माणूस असणं हीच चूक झाली, माझं खरं नाव आणि खरं शरीर ते दुसरंच, तर तिथं सृष्टीच्या शिकवणीशी सरळ टक्कर आहे. ती गोडीगुलाबीनं झाकू नये. अशा वाक्यामागं बहुधा प्राण्याची ओढ कमी आणि स्वतःबद्दलची घृणा जास्त असते. तिथं वाद घालत बसू नये. शेजारी बसावं, आणि गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडं सोबत जावं.

तर्तुल्यन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाचा आक्षेप याहून अवघड वाटतो. सुमारे १८०० वर्षांपूर्वी नाटकं आणि खेळ यांविरुद्ध लिहिताना त्यानं मुखवट्यालाही धारेवर धरलं: सत्याचा कर्ता असलेल्या देवाला खोटं रूप रुचत नाही. सुवार्तांमध्ये, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांमध्ये, येशू ढोंग्यांसाठी जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा मूळ अर्थही नटच आहे. पण येशूनं झोडपलेले ढोंगी स्वतःच्याच चेहऱ्यानं चौकात उभे होते. लोकांना फसवण्यासाठी तोंडावर कापड लागतंच असं नाही. उलट, संदेष्टा नाथान पाप केलेल्या दावीद राजाकडं गेला तेव्हा त्यानं एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत दाविदाला पहिल्यांदा आपला चेहरा दिसला. बायबलमध्येच योथामाच्या गोष्टीतली झाडं बोलतात, बलामाची गाढवी संदेष्ट्याला खडसावते, येशू सत्ताधारी हेरोदाला कोल्हा म्हणतो आणि स्वतःची तुलना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीशी करतो. काही रूपं सत्य सांगण्यासाठी घेतलेली असतात, काही लपवण्यासाठी. एकच लांडगा दोन्ही कामं करू शकतो, हे फरी माणसानं मनात पक्कं ठेवावं.

परंपरेचा दाखला देताना मात्र अति करू नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. सुवार्ता लिहिणाऱ्यांची चिन्हं: मार्कचा सिंह, लूकचा बैल, योहानाचा गरुड. पूर्वेकडच्या चित्रांत कुत्र्याच्या तोंडाचा संत क्रिस्टोफर, ज्यावर रशियात १७२२ मध्ये बंदी आली. पिलांना आपलं रक्त पाजणारी पेलिकन पक्षीण. हे सगळं खरं आहे. पण ती चिन्हं पाहणाऱ्याला ख्रिस्ताकडं नेतात. फर्सोना स्वतःकडं, फार तर मित्रांकडं नेतो. म्हणून फरी असणं आपोआप पवित्र ठरत नाही. ते चित्रकलेसारखं, नाटकासारखं एक निर्दोष काम आहे, आणि निर्दोष असायला पवित्र असावं लागत नाही.

मग अडतं कुठं? लैंगिक मजकुरावर. या गोतावळ्यात प्रौढांसाठीची चित्रं आणि कथा आहेत, बऱ्याच आहेत, आणि ते नाकारणारा फरी मंडळीचा विश्वास गमावतो. सगळे फरी त्यासाठीच येतात असं म्हणणारा पाळकही तितकाच चुकतो. चुकीचं पाऊल कसं पडतं याचा क्रम ठरलेला असतो. ज्या चित्रकाराला त्याच्या सुंदर लांडग्यांसाठी अनुसरलं (फॉलो केलं), तोच त्याच खात्यावर कधीतरी प्रौढ चित्र टाकतो. पाहणारा थांबत नाही. मग ते पाहण्यासाठी तो वेगळं, दुसऱ्या नावाचं खातं उघडतो, म्हणजे चर्चमधल्या मित्रांना दिसू नये. हे दुसरं खातं उघडण्याचा क्षण हाच खरा वळणाचा. तोवर मोह होता. आता लपवण्याची सोय झाली.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आधी करावे लागतात. चित्रांच्या संकेतस्थळावर सर्वसाधारण, प्रौढ अशी वर्गवारी असते. तिथं प्रौढ वर्ग बंद ठेवावा. शोधताना नको असलेल्या खुणांची (टॅगची) यादी बाद करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती यादी एकदा बसून भरावी. ज्या चित्रकारांची दोन वेगळी खाती आहेत त्यांचं सर्वसाधारण खातंच अनुसरावं. एकाच खात्यात सगळं टाकणाऱ्याला, कितीही गुणी असला तरी, सोडावं. आपल्या पात्राचं चित्र चित्रकाराकडून करून घेताना मागणीतच लिहावं की या पात्राचं प्रौढ चित्रण कुणालाही करायला परवानगी नाही. पात्राच्या माहितीपत्रकावरही तेच लिहावं. संमेलनात रात्री उशिराच्या खोल्यांतल्या मेजवान्यांना एकट्यानं जाऊ नये. आणि खातं एकच ठेवावं, जे उद्या पाळकानं उघडून पाहिलं तरी चालेल. १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत यात तडजोड नाही: अनोळखी प्रौढाशी खासगी निरोपांची देवाणघेवाण नको, आणि संमेलनाला पालक बरोबर हवेत.

पैशाचंही बोलायला हवं, कारण प्रवचनात ते फार क्वचित येतं. चांगला फरसूट बनवून घ्यायचा तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि खर्च एखाद्याच्या कित्येक महिन्यांच्या बचतीइतका होतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. कर्ज काढून फरसूट घेऊ नये. आधी दान, मग घरखर्च, मग बचत, आणि उरल्यातून चित्रं किंवा फरसूट, हा क्रम उलटला की मत्तय ६:२१ आठवावं: जिथं धन, तिथं मन.

रविवारची अडचण सरळ आहे. संमेलनं बहुधा शुक्रवार ते रविवार भरतात आणि उपासना बुडते. वर्षातून एक रविवार प्रवासात गेला म्हणून कुणी विश्वास गमावत नाही, पण जवळच्या चर्चची वेळ आधी शोधून ठेवली तर तोही जात नाही. बरोबर दोन-तीन ख्रिस्ती फरी असतील तर सकाळी खोलीतच एक स्तोत्र आणि प्रार्थना होते. स्तोत्र ४२ अशा वेळी चांगलं, पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपणाऱ्या हरिणीनं सुरू होणारं.

फरसूटची रचना जरा जवळून पाहिली की आमचा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. डोकं बहुधा फोमचं असतं: साधारण अडीच सेंटीमीटर जाडीचे तुकडे कापून, डोक्यावर बसणाऱ्या टोपीवर किंवा जाळीच्या सांगाड्यावर गरम गोंदानं चिकटवतात आणि थर चढवत नाक, गाल, भुवया उभ्या करतात. वरची खोटी फर मागच्या बाजूनं पात्यानं कापतात, कारण कात्रीनं कापली की लांब केसही कापले जातात आणि शिवण उघडी दिसते. केसांची दिशा नाकापासून मागं जावी लागते. एक तुकडा उलटा लागला तर चेहरा कायम विस्कटलेला दिसतो. डोळे म्हणजे रंगवलेली जाळी, आणि घालणारा तिच्याच छिद्रांतून बाहेर बघतो. रंग जाड लागला की छिद्रं बुजतात. नीट बनवलेल्या डोक्यातूनही बाजूचं दिसत नाही, पायाखालचं तर मुळीच नाही. तोंडाच्या पोकळीत छोटा पंखा बसवतात, तरी आत घाम साचतो. वीस-तीस मिनिटांनी डोकं काढून पाणी प्यावं लागतं. संमेलनांत त्यासाठी वेगळी खोली असते, जिथं छायाचित्रं काढायला मनाई असते. जे थांबत नाहीत त्यांना चक्कर येते, आणि चक्कर आल्याचं बाहेरून कुणाला कळत नाही, कारण मुखवटा हसतच असतो.

म्हणून फरसूट घालणाऱ्यासोबत एक साध्या कपड्यांतला माणूस चालतो. त्याला हँडलर म्हणतात. पायरी आली की तो सांगतो, लहान मूल गुडघ्याशी आलं की हाताला धरून थांबवतो, शेपटी ओढणाऱ्याला दूर करतो. आधी ठरवलेली खूण असते, समजा दोनदा मनगट दाबलं, म्हणजे आता पुरे, आत चल. त्याला आतला माणूस नावानिशी माहीत असतो, आणि बाहेरचं हसू पाहून तो फसत नाही.

ख्रिस्ती फरीला मंडळीत असा एक माणूस हवा. पाळक असेल, वडीलधारी बहीण असेल, उपासनेला शेजारी बसणारा मित्र असेल. त्याला दोन्ही नावं माहीत असावीत: बाप्तिस्म्याचं आणि फर्सोनाचं. त्यानं महिन्यातून एकदा विचारावं, काय पाहतोस, कुणाशी बोलतोस, किती खर्च केलास, प्रार्थना चालू आहे ना. उत्तर टाळलं जाईल तेव्हा त्याला कळावं. हा माणूस फरी असलाच पाहिजे असं नाही; नसला तर बरंच, कारण बाहेरून बघणाऱ्यालाच पायरी दिसते.

आणि इथंच मंडळीची जबाबदारी येते. एखाद्या तरुणानं धीर करून सांगितलं आणि ते पुढच्या आठवड्यात युवक-सभेत विनोद म्हणून ऐकू आलं, तर तो पुन्हा कधी बोलणार नाही. तो मंडळी सोडेल किंवा, याहून वाईट, मंडळीत राहून दुसरं खातं उघडेल. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोन्ही बाजूंना बांधतो: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. ज्याचं मन फर्सोनाला तयार होत नाही त्यानं तो घेऊ नये. जे विश्वासानं होत नाही ते पाप, असं तोच अध्याय सांगतो. मन साफ असलेल्यानं आपल्या मोकळेपणामुळं दुबळा भाऊ अडखळणार नाही याची काळजी घ्यावी. रविवारच्या उपासनेला शेपटी लावून येणं म्हणूनच नको. सगळ्यांचे डोळे वेदीवरून हटतात, तेवढं कारण पुरे. मुलांच्या मेळाव्यात फरसूट आणायचा असेल तर पालकांना आधी कळवावं, दोन जबाबदार प्रौढ बरोबर असावेत, मूल स्वतःहून जवळ आलं तरच हात पुढं करावा, आणि शेवटी मुलांदेखत डोकं काढून आतला माणूस दाखवावा.

संडे स्कूलच्या शिक्षकानं फरी असावं का, हा प्रश्न आता मंडळ्यांपुढं येतो आहे. निकष इतर कुठल्याही शिक्षकाला लावतो तेच लावावेत: मुलांच्या सुरक्षेचे नियम पाळतो का, त्याचं सार्वजनिक खातं स्वच्छ आहे का, त्याला ओळखणारं आणि जाब विचारू शकणारं कुणी आहे का. फरी असल्यामुळं एक निकष वाढवू नये, आणि एकही कमी करू नये.

फरींमध्ये समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं प्रमाण समाजातल्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. अनेकांना ख्रिस्ताचंच नाव घेऊन घराबाहेर काढलं गेलं आहे, त्यामुळं गळ्यातला क्रूस पाहून ते सावध होतात. या विषयावर चर्चची शिकवण जिथं जशी आहे तिथं ती आहे. ती लपवू नये आणि हत्यार म्हणून वापरूही नये. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतोच, की जगातल्या जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक अशा सगळ्याच माणसांशी संबंध तोडायचा तर जगातूनच निघून जावं लागेल. संमेलनात पत्रकं वाटू नयेत, फरसूट घालून उपदेश करू नये, फर्सोनाच्या आडून वाद घालू नयेत. कुणी विचारलं तर डोकं काढून, आपल्या चेहऱ्यानं, आपल्या नावानं उत्तर द्यावं. कुणी दमून भिंतीला टेकला असेल तर पाण्याची बाटली द्यावी, आणि त्यासाठी त्याचा धर्म विचारू नये.

पाळकाला सांगायला जाणाऱ्यासाठी शेवटी थोडं. उपासना संपल्यावर दारात उभं राहून सांगू नये. अर्ध्या तासाची वेळ मागून घ्यावी. फर्सोनाचं एक चित्र बरोबर न्यावं, कारण शब्दांपेक्षा ते लवकर भीती घालवतं. फरी म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगावं, गोतावळ्यातला प्रौढ मजकूर आपण कसा दूर ठेवतो ते न विचारताच सांगावं, आणि जिथं घसरलो असू तेही सांगावं. मग थेट विनंती करावी: महिन्यातून एकदा मला विचाराल का? पाळकाला ऐकता ऐकता अवघडल्यासारखं होईल, बोलायचं सुचणार नाही. त्यानं चित्र हातात घ्यावं आणि विचारावं, "याचं नाव काय?"